पांढरी पाचच्या किंचित वर

इलेक्ट्रिक गिटार हे वाद्य विजेवर चालते, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. मी गिटार हातात घेतली की माझी आजी अजूनही आधी माझ्या पायांत चपला आहेत ना, हे पाहते. वर्गातल्या मैत्रिणी ‘चार्ज केलीस का गं?’ असे विचारतात. वस्तुस्थिती मोठी मजेदार आहे. माझ्या गिटारमध्ये बॅटरी नाही, आणि भिंतीतल्या प्लगशी तिचा काही संबंध नाही. अँप्लिफायर विजेवर चालतो, ही गोष्ट निराळी. गिटार स्वतः वीज खात नाही. उलट, अगदी कणभर का होईना, पण वीज निर्माण करते.

ही वीज जिथे जन्माला येते त्या भागाला पिकअप म्हणतात. तारांच्या खाली, गिटारच्या अंगात बसवलेल्या त्या लांबट काळ्या-पांढऱ्या पट्ट्या पुष्कळांनी पाहिल्या असतील. शोभेसाठी असाव्यात असे समजून सोडूनही दिल्या असतील. त्या पट्ट्या किती असाव्यात, कोणत्या जातीच्या असाव्यात आणि कोठे असाव्यात, एवढाच या लेखाचा विषय आहे. संपादक मंडळातील सरांनी ‘हे कला महाविद्यालयाचे वार्षिक आहे’ अशी प्रेमळ आठवण करून दिल्यामुळे गणित शक्य तितके टाळले आहे. पण लोहचुंबक टाळता येणार नाही. सारा खेळ त्याचाच आहे.

पिकअपच्या पोटात लोहचुंबक असते आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे वेढे. ही तार साधारण ०.०६ मिलिमीटर जाडीची, म्हणजे माणसाच्या केसाशी बरोबरी करणारी. एका साध्या पिकअपवर तिचे सात-आठ हजार वेढे असतात. वरची पोलादी तार चुंबकाच्या सहवासाने स्वतःही थोडीशी चुंबक होते. ती थरथरली की खालच्या कॉइलमधले चुंबकीय क्षेत्र थरथरते, आणि बदलत्या चुंबकीय क्षेत्राने तारेत वीज उत्पन्न होते, हे मायकेल फॅरडेने १८३१ मध्येच दाखवून ठेवले आहे. गिटारवाल्यांनी त्याचा उपयोग करून घ्यायला आणखी शंभर वर्षे लावली, एवढेच.

यातून एक गोष्ट निघते, आणि पुढचे सगळे तिच्यावरच उभे आहे. पिकअपला कान नसतात. त्याच्यासमोर कितीही सुरेल गा, चांगला पिकअप ढिम्म राहील. गिटारला नायलॉनच्या तारा लावा, बोटे दुखेपर्यंत छेडा, अँप्लिफायरमधून काहीही येणार नाही. कारण नायलॉन चुंबकाला ओळखत नाही. पिकअपला कळते ते फक्त पोलादाचे हलणे, आणि तेही स्वतःच्या डोक्यावरच्या दोन बोटे जागेतले. म्हणून ‘चांगला पिकअप कोणता?’ या प्रश्नाच्या आधी ‘तो कोठे बसला आहे?’ हा प्रश्न येतो.

हे मला प्रथम माझ्या मामांनी सांगितले. मामा हवाईयन गिटार वाजवतात. ती मांडीवर आडवी ठेवून डाव्या हातातल्या पोलादी कांडीने तिच्यावर मींड काढतात. व्हॅन शिपली आणि सुनील गांगुली यांनी या वाद्यावर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या तबकड्या मामांनी जिवापाड जपल्या आहेत. पिकअपचा इतिहासही मांडीवरच्या गिटारपासूनच सुरू होतो, याचा मामांना सूक्ष्म अभिमान आहे. १९३१ च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बोशँप नावाच्या हवाईयन गिटारवादकाने नालाच्या आकाराचे दोन लोहचुंबक आणि एक कॉइल घेऊन हे साधन बनवले. ज्या गिटारवर ते बसवले ती गोल बुडाची आणि लांब दांड्याची असल्यामुळे तिला लोक ‘फ्राइंग पॅन’, म्हणजे आपला तवाच, म्हणू लागले. १९३७ मध्ये त्याला पेटंट मिळाले. पुढे चार्ली ख्रिश्चन या तरुण जाझवादकाने उभ्या धरायच्या गिटारवर पिकअप लावून बेनी गुडमनच्या ताफ्यात सॅक्सोफोनच्या बरोबरीने एकेक सूर वाजवला, आणि तोवर मागे बसून ठेका धरणारे हे वाद्य पुढे येऊन बसले. तो १९४२ मध्ये अवघ्या पंचविसाव्या वर्षी गेला. त्याच्या गिटारवरच्या पिकअपला आजही त्याच्याच नावाने ओळखतात.

तर, जागा. मामांनी मला पिकअपविना, साध्या बोटांनी हे दाखवले. तार घोडीजवळ, म्हणजे ब्रिजपाशी छेडली की आवाज कडक, टोकदार, थोडा पत्र्यासारखा येतो. तीच तार मध्याकडे सरकून छेडली की तो गोल, मऊ, भरदार होतो. तंबोऱ्यावर बोट कोठे ठेवावे याबद्दल गवई मंडळी इतकी काटेकोर का असतात, ते मला त्या दिवशी समजले. छेडण्याच्या जागेला जे लागू, ते ऐकण्याच्या जागेलाही लागू. घोडीजवळ तार फार कमी हलते, पण त्या हलण्यात वरच्या साऱ्या उपस्वरांची गर्दी असते. मानेकडे ती ऐसपैस झुलते आणि मूळ स्वर वरचढ होतो. माझ्या गिटारसारख्या ६४८ मिलिमीटर लांबीच्या तारेवर मानेकडचा पिकअप घोडीपासून सुमारे १६२ मिलिमीटरवर, म्हणजे बरोबर पाव अंतरावर येतो. मोकळी तार छेडली की तिचा चौथा उपस्वर तिथे हलतच नाही. म्हणून पिकअपला तो ऐकूच येत नाही. बोट पडद्यावर दाबले की हे गणित सरकते, आणि ते टाळण्याचे वचन मी दिलेच आहे. मुद्दा असा की मानेकडच्या पिकअपचा गोडवा हा पुष्कळसा न ऐकण्यातून आलेला असतो.

आता माझ्या गिटारकडे येते. तिच्यावर तीन साधे पिकअप आहेत: मानेकडे एक, मधे एक, घोडीकडे एक. ही मांडणी १९५४ मधल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरची. लिओ फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे, आणि कदाचित म्हणूनच त्याने वाजवणाऱ्यांचे म्हणणे नीट ऐकून घेतले असावे. पण एक गोष्ट त्याच्याही नजरेतून निसटली. तीन पिकअप, म्हणून त्याने खटक्याला तीनच जागा दिल्या. वादकांनी तो खटका दोन जागांच्या मधे अडकवून पाहिला, तेव्हा दोन पिकअप एकदम लागून एक निराळाच, पोकळ आणि पाणीदार आवाज निघाला. मग लोक खटका तसाच अधांतरी ठेवून वाजवू लागले. कारखान्याने पाच जागांचा खटका दिला तो १९७७ मध्ये, म्हणजे तेवीस वर्षांनी! ‘सुल्तान्स ऑफ स्विंग’ या १९७८ च्या गाण्यात मार्क नॉफ्लरची गिटार वाजते ती याच मधल्या आवाजात.

माझी गिटार अर्थात अस्सल फेंडर नव्हे. ती त्या घाटाची एक स्वस्त, दोन हात फिरून आलेली प्रत आहे. तिच्यावर मी आमच्या इचलकरंजीच्या एका वाद्यवृंदात वाजवते. गणपतीचे दहा दिवस, नवरात्राचे नऊ, आणि लग्नसराईतले काही कार्यक्रम. घरच्या यंत्रमागांपैकी निम्मे दोन वर्षांपूर्वी विकले गेले. तेव्हापासून माझी फी आणि धाकट्या भावाची पुस्तके या गिटारवर निघतात. म्हणून पिकअपची निवड हा माझ्या लेखी केवळ हौसेचा विषय राहिलेला नाही.

साध्या पिकअपचा, म्हणजे सिंगल कॉइलचा, एक जन्मजात स्वभाव आहे. तो गुणगुणतो. हजारो वेढ्यांची कॉइल ही आपोआपच एक अँटेना होते. तारेच्या थरथरीबरोबर ती मांडवातल्या रोषणाईची, डिमरची, ट्रान्सफॉर्मरची, भिंतीतल्या वायरिंगची चुंबकीय थरथरही इमानाने गोळा करते. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची. हा स्वर पेटीवर शोधलात तर खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचच्या किंचित वर सापडेल. त्याची दुप्पट, शंभर आवर्तने, म्हणजे त्याच्याच वरचा तोच स्वर; तोही सोबत असतो. आमच्या वाद्यवृंदात गाणाऱ्या ताई काळी चारमध्ये गातात. म्हणजे त्यांचा षड्ज आणि माझ्या गिटारची गुणगुण यांच्यात अर्धा स्वरही अंतर नाही. दोन्ही एकमेकांना खेटून, एकमेकांत न मिसळता उभे.

लावणीत किंवा कोळीगीतात हे कोणाच्या लक्षात येत नाही. ढोलकी सगळे पोटात घालते. पण भावगीत निराळे. भावगीत शांततेतून सुरू होते. निवेदक थांबतो, मांडव थांबतो, ताई डोळे मिटतात, आणि त्या नेमक्या क्षणी माझा अँप्लिफायर ‘घों’ करीत असतो. गेल्या गणपतीत एका कार्यक्रमानंतर ताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “बाळ, तुझं वाजवणं छान आहे गं. पण ते तुझं यंत्र मला दुसरा सा देतं. माझा सा मला शोधावा लागतो.” त्यांचा आवाज चढलेला नव्हता. ताई तीस वर्षे गात आहेत, आणि आता त्यांना पहिला सूर लावायला पूर्वीपेक्षा अधिक शांतता लागते, हे आम्हा सर्वांना ठाऊक आहे. बोलत कोणी नाही.

गुणगुण कमी करण्याचा एक फुकटचा उपाय आहे. कॉइलची दिशा बदलली की ती कमी-जास्त होते. त्यामुळे मी मंचावर हळूहळू गिरकी घेत नेमका शांत कोन शोधून काढत असे. तो कोन बहुतेक वेळा प्रेक्षकांकडे पाठ केल्यावरच सापडे. ‘ती मुलगी रुसली आहे का?’ असे एका मंडळाच्या अध्यक्षांनी विचारल्याचे ऐकिवात आहे. गिटारच्या आत तांब्याचा पातळ पत्रा लावण्याचाही उपाय सांगतात. त्याने चरचर जाते. पण ही पन्नास आवर्तनांची चुंबकीय गुणगुण पत्र्यातून आरपार निघून येते.

खरा उपाय १९५५ मध्ये सेथ लव्हर नावाच्या माणसाने काढला. तो अमेरिकेत कॅलॅमाझू येथे गिब्सन कंपनीत कामाला होता. (तिकडची वीज साठ आवर्तनांची, त्यामुळे त्याच्या कानातली गुणगुण काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधे असणार. प्रत्येक देशाचे दुःख निराळ्या पट्टीत!) त्याची युक्ती शाळेतल्या बीजगणिताइतकी सरळ आहे. एक कॉइल घ्या. तिच्या शेजारी दुसरी ठेवा, पण उलट्या दिशेने. बाहेरची गुणगुण दोघींना सारखीच ऐकू येते. एक तिला अधिक म्हणते, दुसरी उणे म्हणते, आणि बेरीज शून्य. पण मग तारेचा आवाजही शून्य व्हायचा! म्हणून दुसऱ्या कॉइलखालचे चुंबकही उलटे करा. आता तारेच्या बाबतीत उणे गुणिले उणे अधिक होते आणि दोन्ही आवाज मिळून येतात. गुणगुण चुंबकाची पर्वा करीत नाही, म्हणून ती मेलेलीच राहते. या जोडपिकअपला हंबकर म्हणतात. पेटंट मिळायला १९५९ उजाडले. तोवर कंपनीने प्रत्येक हंबकरच्या पाठीवर ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाची चिठ्ठी चिकटवली, आणि त्या चिठ्ठीचे जुने हंबकर आज शौकीन लोक रत्नांसारखे विकत घेतात. पेटंट मिळाल्यावर छापलेल्या चिठ्ठीवरचा क्रमांक भलत्याच पेटंटचा, गिटारच्या शेपटाकडच्या एका भागाचा होता.

मग जगातल्या सगळ्यांनी हंबकरच का लावू नयेत? कारण शांततेची किंमत पडते. दोन कॉइल म्हणजे तारेच्या शेजारशेजारच्या दोन जागा एकदम ऐकणे. काही बारीक उपस्वर एका जागी वर जात असतात तेव्हा दुसऱ्या जागी खाली येत असतात. ते एकमेकांना खातात. शिवाय वेढे वाढले की कॉइलचा सर्वांत तेज स्वरबिंदू खाली सरकतो. परिणामी आवाज जाड, दाट, उबदार होतो, पण कडा बोथटतात. सिंगल कॉइलचा आवाज म्हणजे नुकती टोक काढलेली पेन्सिल. कुणाला कोणता आवडावा यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण दोन्ही एकदम मिळतील असे सांगणाऱ्याकडून काही विकत घेऊ नये, एवढे माझे मत आहे.

माझ्यापुढे हा प्रश्न उभा राहिला तो घोडीकडचा पिकअप एके दिवशी मुका झाला तेव्हा. मी गिटार खांद्याला लावून आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात गेले. यंत्रमागांच्या गावात मोटरी जळतात, आणि त्या भरून देणारे मिस्त्री प्रत्येक पेठेत असतात. हे मिस्त्री वडिलांचे जुने परिचित.

“काय गं पोरी, ही कसली मोटर आणलीस?” त्यांनी चष्मा कपाळावर सरकवत विचारले.

“काका, मोटर नाही. पण आत कॉइलच आहे. जरा मीटर लावून बघता का?”

त्यांच्याकडे काट्याचा जुना मीटर आहे. मानेकडच्या पिकअपवर काटा सहा हजार ओहमच्या आसपास थांबला, मधल्यावरही तसाच. घोडीकडच्यावर तो जागचा हललाच नाही. “तार तुटलीया आत,” मिस्त्री म्हणाले. मग भिंग लावून ते वेढे बराच वेळ पाहत राहिले आणि हसले. “आगं, ही तार हाय का कोळ्याचं जाळं? माझ्या बोटाला तर लागायचीसुद्दा न्हाई. एवढी बारीक माझ्याकडं न्हाई बघ.” पिकअप मेणात बुडवलेला असतो हे मी सांगितले तेव्हा मात्र त्यांनी समजून मान हलवली. मोटरची कॉइल ते वॉर्निशमध्ये बुडवतात ती त्याच कारणासाठी: वेढे जागच्या जागी घट्ट बसावेत, सुटे राहून थरथरू नयेत.

सेथ लव्हरची युक्ती त्यांना सांगायला मला दोन मिनिटे लागली. आमच्या भौतिकशास्त्रवाल्या मित्राला मी तीच अर्धा तास सांगत होते. मिस्त्रींनी आयुष्यभर थ्री-फेज मोटरच्या दोन तारांची अदलाबदल करून ती उलटी फिरवली आहे. उलट-सुलट त्यांच्या बोटांत आहे. ते म्हणाले, “मग तुझ्याकडं दोन कॉइली चांगल्या हाईत की. तिसरी कशाला शोधतीस आधी? मधली उलटी कर.”

आणि हाच या विषयातला सर्वांत सुंदर भाग आहे. हंबकरमध्ये दोन कॉइल एकाच डब्यात असतात; पण त्या एकाच डब्यात असल्याच पाहिजेत असे कोठे आहे? मधला पिकअप उलटा वेढलेला आणि उलट्या चुंबकाचा असेल, तर खटका मधल्या जागांवर ठेवून मान आणि मधला मिळून एक हंबकरच होतो. नव्या गिटारवर कारखानेच असा मधला पिकअप देतात. १९५४ च्या मांडणीत तो नव्हता, आणि माझ्या स्वस्त प्रतीतही नव्हता. पण स्वस्ताईचा एक फायदा निघाला. महागड्या पिकअपमध्ये प्रत्येक तारेखालची कांडी स्वतःच चुंबक असते. ती उलटी करणे अवघड. स्वस्त पिकअपमध्ये साध्या लोखंडी कांड्या असतात आणि त्यांच्या बुडाशी चुंबकाची एक पट्टी चिकटवलेली असते. ती पट्टी सोडवून पालथी केली की झाले.

आम्ही मुद्दाम एकेक पायरीने गेलो. प्रथम मधल्या पिकअपच्या फक्त दोन तारा अदलाबदल करून डाग दिला. गुणगुण गेली, पण आवाजही नाकातला, पोटच नसलेला येऊ लागला. तारेचे दोन आवाज एकमेकांना खात होते. मिस्त्रींनी मीटरला जोडून एक लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर पिकअपवर टेकवला आणि झटक्यात उचलला. मानेकडच्यावर काटा उजवीकडे फडफडला, मधल्यावर डावीकडे. मग त्यांनी पट्टी पात्याने हलकेच सोडवली, पालथी केली, पुन्हा चिकटवली. आता दोन्हींवर काटा उजवीकडे. अँप्लिफायर लावला. दुकानात दोन मोटरी चाचणीवर फिरत होत्या, ट्यूबलाइट होती, वेल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर होता. असे वाईट शेजार कोणत्याच मांडवात मिळणार नाही. खटका मानेवर: घों. खटका मान-मधे: काही नाही. मी एक मोकळी तार छेडली आणि ती विरेपर्यंत थांबले. ती विरल्यावरही मागे काही उरले नाही. मिस्त्री म्हणाले, “बंद पडलं काय?”

या कामाचा खर्च शून्य. मिस्त्रींनी चहा मात्र मलाच पाजला.

राहिला घोडीकडचा. तिथे माझ्यासमोर तीन वाटा होत्या. तसलाच सिंगल कॉइल आणावा. किंवा लाकूड कोरून पूर्ण आकाराचा हंबकर बसवावा. किंवा सिंगल कॉइलच्या खाचेत मावणारा अरुंद हंबकर घ्यावा, ज्यात दोन निमुळत्या कॉइल शेजारीशेजारी दाटीने बसवलेल्या असतात. आमच्या कीबोर्डवादकाचा आग्रह दुसऱ्या वाटेचा. एडी व्हॅन हॅलेनने स्ट्रॅटच्या घाटाच्या अंगात घोडीकडे एकच हंबकर बसवून १९७८ च्या पहिल्या तबकडीत काय उलथापालथ केली, हे तो जेवतानाही सांगतो. पण व्हॅन हॅलेनला भावगीताची साथ करायची नव्हती, आणि मला लाकूड कोरायचे नव्हते. दुसरी गिटार घेण्याची ऐपत होईपर्यंत हिचे लाकूड शाबूत राहिलेले बरे.

घोडीकडचा पिकअप मला लागतो तो सत्तरच्या दशकातल्या हिंदी गाण्यांतल्या मधल्या तुकड्यांसाठी आणि शेवटच्या नाचाच्या गाण्यासाठी. तिथे अँप्लिफायर जोरात असतो, आवाज मुद्दाम फोडलेला असतो, आणि फोडलेल्या आवाजात गुणगुणही तितकीच फुगते. शिवाय घोडीजवळचा आवाज मुळातच कृश. त्याला थोडे मांस चढले तर हवेच आहे. म्हणजे हंबकरमुळे जे हरवते ते या जागी हरवले तरी चालेल, आणि जे मिळते ते याच जागी लागते. मानेकडे नेमके उलट: तिथे मूळचाच गोडवा आहे, त्यावर आणखी दाटपणा चढवला तर सगळे लोण्यासारखे होईल. म्हणून मानेकडे सिंगल कॉइलच राहिला.

मुंबईला आत्याकडे गेले होते तेव्हा धोबी तलावाच्या एका दुकानातून अरुंद हंबकर आणला. गणपतीच्या मानधनातला मोठा वाटा त्यात गेला. चार तारा बाहेर काढलेला मिळेल का, एवढेच मी विचारले. चार तारांचा हट्ट एवढ्यासाठी की त्यातली एक कॉइल हवी तेव्हा झोपवता येते. खटका घोडी-मधे या जागी आला की हंबकरची एकच कॉइल जागी राहावी आणि तिने मधल्या पिकअपशी जोडी जमवावी, अशी जोडणी आम्ही केली. दोनपैकी कोणती कॉइल जागी ठेवायची, हे कानाने ठरले. एकीशी जोडी केली तर गुणगुण वाढे, दुसरीशी केली तर ती नाहीशी होई.

एका गोष्टीवर मिस्त्रींचे आणि माझे एकमत झाले नाही. आवाज कमी-जास्त करायचे जे बटण असते, त्याची किंमत सिंगल कॉइलसाठी अडीच लाख ओहम आणि हंबकरसाठी पाच लाख ओहम अशी रूढ आहे. कमी किंमतीने वरचे स्वर थोडे पिऊन टाकले जातात, जास्तीने ते मोकळे सुटतात. पाच लाखांचे लावले तर हंबकर उजळतो, पण सिंगल कॉइल कानाला टोचू लागतात. “नवी वस्तू आणलीस तर तिच्या मापाचं बटण घाल,” असे मिस्त्रींचे म्हणणे. मी अडीच लाखांचेच ठेवले. कार्यक्रमातल्या दर दहा गाण्यांपैकी सात मी मानेकडून आणि मधल्यावरून वाजवते. बटण त्यांच्या मापाचे हवे.

नवरात्रात पहिल्या रात्री खटका चौथ्या जागी, म्हणजे मान-मधे ठेवून ताईंच्या भावगीताला साथ केली. मानेकडचा एकटा पिकअप याहून अधिक गोल वाजतो, हे मला माहीत आहे. मान-मधे हा आवाज किंचित पोकळ, किंचित काचेरी. तेवढे मी सोडून दिले. निवेदक थांबला, मांडव थांबला. ताईंनी डोळे मिटले. आमच्या पेटीवाल्या काकांनी सवयीने काळी चार दाबून धरली होती. ताईंनी हातानेच त्यांना थांबवले आणि सूर तसाच, पेटीशिवाय लावला.

उतरताना त्या मला काही म्हणाल्या नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशीच्या यादीत त्यांनी आणखी एक भावगीत वाढवले होते, आणि पुढे पेन्सिलीने ‘फक्त गिटार’ असे लिहिले होते.

मानेकडचा पिकअप एकटा लावला की अजूनही घों करतो. त्याचे काय करायचे ते ठरलेले नाही. घोडीकडचा नवा हंबकर तारांच्या फार जवळ आला आहे आणि बाकीच्या दोघांपेक्षा मोठ्याने बोलतो; पुढच्या कार्यक्रमाआधी त्याचे दोन्ही स्क्रू एकेक फेरा ढिले करून तो खाली घ्यायचा आहे. मिस्त्रींनी आपला बारीक स्क्रू-ड्रायव्हर त्यासाठी माझ्याकडेच ठेवला आहे.